विंडोजवरून क्रोमबुकवर जाताना

आमच्या बाबांचा लॅपटॉप २०१५ सालचा. बटण दाबून चुलीवर आधण ठेवावं, चहा गाळावा, प्यावा, कप विसळून यावा, तेव्हा कुठे पडद्यावरचा बाण हलायला लागायचा. तरी ते चालवून घेत होते. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ ने हे मशीन दारातूनच परत पाठवलं. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. बाबांचा पाचव्या पिढीचा.

बाबा निवृत्त मराठी शाळामास्तर. गोव्यात साखळीजवळ राहतात. त्यांचं कॉम्प्युटरवरचं काम म्हणजे भजनी मंडळाचा जमाखर्च, जत्रेची पत्रिका, एखादा अर्ज, बँक आणि दुपारी यूट्यूबवर अभंग. डिचोली, फोंडा, पेडण्यातल्या कितीतरी घरांत अशीच गत असेल, म्हणून हा लेख. सहा महिन्यांपूर्वी आम्ही त्यांना क्रोमबुक घेऊन दिलं. मशीन शिकायला चार दिवस पुरले. जुन्या मशीनमध्ये अडकलेल्या गोष्टी बाहेर काढायला मात्र दीड महिना गेला, आणि तो वेळ मी आधी धरलाच नव्हता.

क्रोमबुक म्हणजे क्रोम ब्राउझरच्या भोवती बांधलेला लॅपटॉप. २०११ पासून विकला जातो. आत क्रोमओएस असतं, त्याचा पाया लिनक्सचा. अँड्रॉइडची अ‍ॅप्सही चालतात. विंडोजची सॉफ्टवेअरं मात्र चालत नाहीत. सीडी आणली, पेन ड्राइव्ह आणला, शेजारचा हुशार भाचा आणला, तरी चालत नाहीत. हे घरच्यांना आधीच तीनदा सांगून ठेवा.

आधी आठ दिवस नुसतं टिपा

मशीन घेण्याआधी जुन्या कॉम्प्युटरवर तुम्ही खरोखर काय करता ते लिहून काढा. आठवून लिहू नका, करता करता लिहा. बाबांनी कालनिर्णयाच्या उलटलेल्या पानामागे पेन्सिलीने यादी केली. चौदा नोंदी झाल्या: ईमेल, दोन बँका, वीजबिल, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, ‘गोवा ऑनलाइन’ या सरकारी संकेतस्थळावरचे अर्ज, पेपर, अभंग, व्हॉट्सअ‍ॅप वेब, पुण्याच्या नातवाशी व्हिडिओ कॉल, रेल्वेचं तिकीट, फोटो बघणं, एक्सेलमधला जमाखर्च, जत्रेची पत्रिका, प्रिंट काढणं.

आता प्रत्येक नोंदीसमोर लिहा की हे काम ब्राउझरमध्ये होतं की एखादं सॉफ्टवेअर उघडून. ब्राउझरमध्ये होणारी कामं क्रोमबुकवर जशीच्या तशी होतात, त्यांची चिंता सोडा. बाबांच्या यादीत खरी अडचण शेवटच्या दोन नोंदींची निघाली. एक्सेलचं त्यांना भय वाटत होतं, पण साधी बेरीज-वजाबाकीची फाइल गूगल शीट्समध्ये सरळ उघडते. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर ब्राउझरमधलं एक्सेलही फुकट वापरता येतं. फाइलीत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, घातलेल्या असतील तर त्या मात्र चालत नाहीत.

तुमच्या यादीत टॅली असेल, पेजमेकर किंवा कोरलड्रॉ असेल, ऑटोकॅड असेल, किंवा यूएसबीत खोचायची डिजिटल सहीची टोकन असेल, तर इथेच थांबा. हे मशीन तुमच्यासाठी नाही. जीएसटीचं विवरण ओटीपीने भरणाऱ्या छोट्या दुकानदाराचं ब्राउझरवर भागेल, पण टोकन लावून सही करणाऱ्याचं नाही.

खर्च न करता चव घ्या

गूगल क्रोमओएस फ्लेक्स नावाची आवृत्ती फुकट देतं. ती जुन्या विंडोज लॅपटॉपवर चालते. आठ जीबीचा किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या, क्रोम ब्राउझरमध्ये ‘क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी’ हे एक्स्टेन्शन टाका आणि त्यातून फ्लेक्सचा पेन ड्राइव्ह तयार करा. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा नातीच्या बारशाचे फोटो असलेला घेऊ नका. मग लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. पडद्यावर दोन वाटा दिसतात: नुसतं चालवून बघायचं, की इन्स्टॉल करायचं. पहिली निवडा. दुसरीने अख्खी डिस्क साफ होते, विंडोजही जातं आणि फाइलीही जातात.

पेन ड्राइव्हवरून ते जरा रखडत चालतं, आणि फ्लेक्समध्ये प्ले स्टोअर नाही, म्हणून अँड्रॉइड अ‍ॅप्स नाहीत. पण यादीतली कामं होतात की नाही हे दोन संध्याकाळी बसून कळतं. काहींना इथेच समजेल की नवीन मशीन घ्यायलाच नको, जुन्यावरच हे कायमचं टाकलं तरी पुरे.

जुन्या फाँटांचं प्रकरण

मराठीत काम करणाऱ्याने ही पायरी गाळली तर नंतर पस्तावतो.

बाबांच्या डिस्कवर वीस वर्षांच्या जत्रेच्या पत्रिका, नाटकांचे नमन-नांदीचे उतारे, मंडळाची पत्रं होती. सगळी श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटात टाइप केलेली. त्या फाँटांत कॉम्प्युटरच्या लेखी मराठी अक्षर नसतंच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. मुखवटा असलेल्या मशीनवर ‘श्री’ दिसतं, नसलेल्या मशीनवर कचरा. क्रोमबुकवर विंडोजसारखा फाँट टाकून मोकळं होता येत नाही, त्यामुळे तिथे कचराच दिसतो. गोव्यात रोमीची, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीची, कुणाला भीती नाही, पण ही रोमी त्या लिपीत तियात्र, म्हणजे कोकणी नाटक, लिहिणाऱ्यालाही वाचता येणार नाही.

तुमची फाइल कुठल्या जातीची आहे ते ओळखायची सोपी युक्ती सांगते. फाइलीतली एक ओळ कॉपी करा आणि ब्राउझरच्या शोधपट्टीत चिकटवा. मराठीच दिसली तर ती युनिकोड आहे, म्हणजे आतही मराठी अक्षरंच आहेत, काही करायला नको. खिचडी दिसली तर पुढचं वाचा.

पहिलं काम, प्रत्येक जुन्या फाइलीची पीडीएफ करून ठेवा, आणि ती त्याच जुन्या लॅपटॉपवर करा, जिथे फाँट आहे. वर्डमध्ये उघडायची, प्रिंटमध्ये जायचं, प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडायचं. पीडीएफमध्ये फाँट आत बसतो, मग ती कुठेही उघडा, अक्षर तसंच दिसतं. मी एका रविवारी बसून एकशे चाळीस फाइली काढल्या. कंटाळवाणं काम आहे, पण हे झालं की जुना लॅपटॉप उद्या मेला तरी मजकूर गेला असं होत नाही.

दुसरं काम फक्त ज्या फाइली पुन्हा बदलून वापरायच्या आहेत त्यांच्यासाठी. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं इंटरनेटवर आहेत. मजकूर चिकटवायचा, फाँट निवडायचा, बदललेला उचलायचा. नंतर डोळ्यांत तेल घालून वाचायचं. रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, पहिली वेलांटी हरवते, ‘ऱ्या’ची दैना होते. आमच्या पत्रिकेत ‘कार्यक्रम’ चार ठिकाणी चार तऱ्हांनी आला होता. बाबांनी लाल पेन काढलं आणि चौथीच्या वह्या तपासाव्यात तशी ती तपासली. सगळं बदलायच्या भरीला पडू नका. आम्ही एकशे चाळीसपैकी नऊच बदलल्या.

गूगल डॉक्समध्ये देवनागरीचे चांगले फाँट आहेत. पत्रिकेला ‘मुक्ता’ स्वच्छ दिसतो, आणि पुस्तकी वळण हवं असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ बघा. त्यातला ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचा आहे, हे मास्तरांनी न सांगता ओळखलं. छापखान्याला पीडीएफ चालेल का ते मात्र आधी विचारून घ्या. आमच्याकडे चालली.

फाइली हलवणं

फोटो आणि मोठे व्हिडिओ बाहेरच्या हार्ड डिस्कवर. रोज लागणारे कागद गूगल ड्राइव्हवर. इतकंच. ड्राइव्हवर फुकट जागा १५ जीबी, आणि त्यात जीमेल, फोटो आणि अँड्रॉइड फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही मोजला जातो. बाबांची निम्मी जागा ‘शुभ सकाळ’च्या सूर्योदयांनी खाल्ली होती. आधी ते झाडा.

मशीन निवडताना

किमतीच्या आधी एक तारीख बघा. प्रत्येक क्रोमबुकला अपडेट कधीपर्यंत मिळणार याची शेवटची तारीख ठरलेली असते. २०२१ पासून आलेल्या मॉडेलांना दहा वर्षं मिळतात, पण ही वर्षं ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही पैसे मोजल्यापासून नाही. सवलतीत पडून राहिलेलं जुनं मॉडेल घेतलंत तर निम्मी वर्षं गोदामातच संपलेली असतात. मॉडेलचं नाव घालून गूगलच्या मदतपानावर ही तारीख सापडते. मशीन हातात आल्यावर सेटिंग्जमधल्या क्रोमओएसच्या माहितीतही दिसते.

मेमरी चार जीबी असेल तर पाच-सहा टॅब उघडल्यावर दम लागतो, आठ असेल तर निवांत. ‘क्रोमबुक प्लस’ असं लिहिलेल्या मशीनमध्ये किमान आठ जीबी मेमरी आणि १२८ जीबी जागा असतेच. वयस्कर माणसासाठी पडदा १४ इंचांच्या खाली नको.

मी फोंड्यात एका दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, “बाय, घ्या ना, दोन दिवसांनी या, यात विंडोज घालून देतो.” नको. ते धड चालत नाही, आणि ज्या साधेपणासाठी हे घेतलं तोही जातो.

पहिलं लॉगिन कुणाचं?

इथे मी स्वतः आपटले. पाकीट फोडलं आणि घाईत माझ्याच जीमेलने सुरू केलं, मग बाबांचं खातं दुसरं म्हणून जोडलं. आठवड्याने कळलं की पहिल्यांदा जो आत शिरतो तो मशीनचा मालक. कोणाला आत घ्यायचं, पाहुण्यांना वापरू द्यायचं की नाही, अशा काही गोष्टी त्यालाच बदलता येतात. आणि मालक बदलायचा असेल तर अख्खं मशीन धुऊन काढावं लागतं. त्याला तिकडे ‘पॉवरवॉश’च म्हणतात. मशीनवर साठवलेलं सगळं जातं, ड्राइव्हवरचं राहतं. नशीब, ड्राइव्हवरच होतं.

तेव्हा मशीन ज्याचं, पहिलं खातं त्याचं. दुकानदाराचं नाही, मुलाचं नाही, सुनेचं नाही. आणि त्या खात्याचा पासवर्ड त्या माणसाला स्वतःला टाइप करता यायला हवा.

किबोर्ड

बाबांचा सगळ्यात जास्त राग इथे निघाला. कॅप्स लॉकच्या जागी कॅप्स लॉक नाही. तिथे भिंगाचं किंवा गोल चिन्ह असलेली कळ आहे, ती लाँचर उघडते. म्हणजे विंडोजच्या स्टार्टसारखं काम. कॅप्स लॉक हवाच असेल तर आल्ट धरून ती कळ दाबा. डिलीटची कळ बहुतेक मशीनवर नसते, म्हणून लाँचरची कळ धरून बॅकस्पेस. ओळीच्या सुरुवातीला जायला लाँचर आणि डावा बाण, शेवटी जायला लाँचर आणि उजवा बाण. एफ १ ते एफ १२ ऐवजी वर मागे जा, ताजं करा, उजेड, आवाज अशा कळा असतात.

उजवी क्लिक म्हणजे टचपॅडवर दोन बोटांनी टिचकी. बाबांना ती काही केल्या जमेना, एक बोट आधी पडायचं. शेवटी साधा यूएसबी माऊस लावला. लगेच चालला, आणि घरात शांतता झाली.

अक्षर लहान वाटत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि अधिक चिन्ह एकत्र दाबा, सगळा पडदाच मोठा होतो. हे पहिल्या दिवशीच करा.

मराठीसाठी सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘इनपुट’ शोधा आणि इनपुट पद्धतींत मराठी जोडा. पुढे कंट्रोल आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहीत जायचं, खाली पर्याय येतात. ‘न’ की ‘ण’, ‘ल’ की ‘ळ’ हे यादीतून निवडावं लागतं. पहिले आठ दिवस प्रत्येक वाक्याला घाम फुटतो, मग हात बसतो.

आणि टाइप करायचा कंटाळा आला तर गूगल डॉक्समध्ये बोलून लिहिण्याची सोय आहे, मराठीतही. बाबा वर्गात सांगायचे तसं खणखणीत सांगतात. प्रमाण मराठी छान उतरते. आपले गोव्याकडचे शब्द आले की गडबडते. ‘चवथीच्या माटोळीचं सामान’ (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती चौकट) म्हणाले तर ‘चौथीच्या मातोळीचं’ उमटलं. दोनदा सांगूनही ऐकेना तेव्हा त्यांनी त्याला ढ ठरवलं आणि ते दोन शब्द हाताने लिहायला घेतले.

डेस्कटॉपवर काही ठेवता येत नाही

विंडोजच्या डेस्कटॉपवर बाबांच्या साठ-सत्तर फाइली मांडलेल्या असायच्या, बाजारात भाजीच्या जुड्या मांडाव्यात तशा. क्रोमबुकच्या पडद्यावर नुसतं चित्र असतं, वर फाइल ठेवायची सोयच नाही. त्यांना पहिल्या दिवशी वाटलं सगळं पुसलं गेलं. मग खालच्या पट्टीवर, जिला शेल्फ म्हणतात, तिथे ‘फाइल्स’ हे अ‍ॅप कायमचं बसवलं आणि ड्राइव्हमध्ये तीनच फोल्डर केले: देवस्थान, घर, सरकारी. शेजारी बँक, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप वेब. साताहून जास्त चित्रं शेल्फवर ठेवू नका, पुन्हा तोच बाजार होतो.

डाउनलोड केलेली वस्तू ‘डाउनलोड्स’मध्ये, म्हणजे मशीनवरच राहते, ड्राइव्हवर आपोआप जात नाही. एक-चौदाचा उतारा उतरवला की लगेच ‘सरकारी’मध्ये ओढून टाकायचा, ही एक सवय लावून घ्या.

प्रिंटर

वायफायचा नवा प्रिंटर असेल आणि त्याच्या खोक्यावर ‘मोप्रिया’ किंवा ‘एअरप्रिंट’ लिहिलं असेल, तर बहुधा आपोआप सापडतो. जुना लेझर प्रिंटर, ज्याच्याबरोबर ड्रायव्हरची सीडी आली होती, तो बहुधा चालत नाही. आमचा नाही चालला. नवा घेण्याआधी हिशेब केला, वर्षाला पन्नास-साठ पानं निघतात. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पीडीएफ पाठवणं स्वस्त पडतं.

लाईट गेली, नेट गेलं

जूनच्या पहिल्या वादळात तारेवर माड पडला की आमच्याकडे दोन दिवस इंटरनेट नसतं. क्रोमबुक नेटशिवाय निकामी होतं असं लोक सांगतात, ते अर्धंच खरं. ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑफलाइन’ची खूण करा, आणि लागणाऱ्या फाइलीवर उजवी क्लिक करून ती ऑफलाइन उपलब्ध ठेवा. हे नेट असतानाच करायचं असतं, पावसाळ्याच्या आधी. मग डॉक्स आणि शीट्स नेटशिवाय उघडतात, लिहिता येतं, नेट आल्यावर बदल वर चढतात. बँकेसाठी फोनचा हॉटस्पॉट.

लाईटचं म्हणाल तर बॅटरी दिवसभर पुरते, आणि चार्जर बहुतेक मशीनला यूएसबी-सीचा असल्याने ऐनवेळी दुसऱ्याचाही चालतो.

कुलूप आणि किल्ली

अँटिव्हायरस विकत घेऊ नका, इथे लागत नाही. अपडेट मागच्या मागे उतरतं आणि पुढच्या वेळी मशीन सुरू करताना लागू होतं. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, या नंबरवर फोन करा’ असं पान मात्र इथेही उघडू शकतं. ते नुसतं पान आहे. टॅब बंद करा, फोन करू नका.

खरा धोका वेगळा आहे. सगळं एका गूगल खात्यावर टांगलेलं आहे. फोन विहिरीत पडला आणि ओटीपी येईना, तर आत कसं जाणार? खात्याच्या सुरक्षा विभागात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि ‘बॅकअप कोड’ काढून घ्या. आठ अंकी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर उतरवून कपाटात, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. बाबांनी पंचांगात ठेवले. चालेल, पंचांग घरातून कुठे जात नाही.

जुन्या लॅपटॉपचं काय

महिनाभर तरी देऊ नका, विकू नका, पुसू नका. नेटला न जोडता कोपऱ्यात असू द्या. काहीतरी राहिलेलं असतंच. आमच्याकडे २००८ च्या नाटकाचे फोटो तिसऱ्या आठवड्यात आठवले, ‘नवीन फोल्डर (३)’ मध्ये सापडले.

बाबांच्या पेन्सिलीच्या यादीत आता तेरा नोंदींवर काट मारलेली आहे. ‘प्रिंट काढणं’ तेवढं उरलंय. त्याच्यापुढे त्यांनी झेरॉक्सवाल्याचा नंबर लिहून ठेवलाय.